हौद्यातले मालक

पिकपच्या आरसी बुकावर मालकाचं नाव एकच असतं. उरलेले मालक कोण, हे गाडी पडल्यावर कळतं.

माझी गाडी पडली माळशेज घाटात, जुलैतल्या एका संध्याकाळी. ओतूर-जुन्नरकडची भाजी अंधार पडता पडता घाट उतरते आणि पहाटेच्या बाजाराला कल्याण नाहीतर वाशी गाठते. त्या दिवशी हौद्यात कोथिंबीर होती. पावसाळ्यात माळशेजचं धुकं इतकं दाट उतरतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी जिवाला आधार वाटतो. एका वळणावर समोरची मोटार दुसरीला ओलांडत थेट माझ्या बाजूला आली. घाटात अशा वेळी निवड सोपी असते. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर. मी डोंगर घेतला. चाक गटारात गेलं, गाडी कड्याला घासत गेली आणि दिवसभर राबलेल्या माणसानं अंग टाकावं तशी आडवी झाली. मोटार धुक्यात निघून गेली.

पट्टा लावलेला होता म्हणून मी जागेवर राहिलो. चहाचा थर्मास, पावतीपुस्तक आणि डॅशबोर्डवरचा गणपती, असं केबिनमधलं बाकी सगळं माझ्या भेटीला आलं. कणसं भाजणाऱ्या एका मामांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी मला वरच्या दारातून उपसून काढलं. रस्ता हिरवागार झाला होता. "लागलं का हो?" असं कळवळून विचारणाऱ्या प्रत्येकाच्या काखेत एक जुडी होती. मी राग धरला नाही. जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीचा त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली आहे. जुडीबद्दल त्यात काही नाही.

१०८ ची रुग्णवाहिका आली, मनगटाला प्लास्टर झालं, गाडी टोचन लावून गॅरेजात पोचली. कोथिंबिरीचा मालक भेटायला आला तेव्हा त्याच्याकडे बघायचं मला धाडस होईना. तोच म्हणाला, "दादा, बाजार पडलाच होता. हमाली, तोलाई, तुमचं भाडं वजा जाता पट्टीत मलाच पदरचे घालायला लागले असते. घाटात गेली ते बरं झालं." त्या दिवसांत एवढा दिलासा मला दुसऱ्या कोणी दिला नाही, आणि एवढं वाईटही दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

मग घरी माणसं यायला लागली. पहिला प्रश्न हाताचा, दुसरा गाडीचा. पहिल्याच्या उत्तरासाठी फारसं कोणी थांबलं नाही. दिंडीचे विणेकरी बाबा टेकता टेकताच म्हणाले, "कार्तिकीला आळंदीत शिधा कसा पोचवायचा?" यात्रा कमिटीचे अण्णा त्याहून लांबचं बघणारे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. तिथं सुपारी द्यायला कमिटी माझ्या पिकपनं जाते. मालवाहू गाडीत माणसं बसवता येत नाहीत, हे मी अण्णांना दरवर्षी सांगतो. अण्णांच्या मते कमिटी हा माल आहे.

शेजारच्या काकूंची म्हैस बेल्ह्याच्या बाजारातून याच गाडीनं आली होती, म्हणून काकू तिला माहेरवाशिणीची गाडी समजत. गणपती मंडळाची पोरं फळं घेऊन आली आणि बोलता बोलता त्यांनीच ती खाल्ली. मूर्ती आणायची कशी, या काळजीनं त्यांचा घास उतरत नव्हता असं दिसत मात्र नव्हतं. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. आमच्या तालुक्यात ऊस वाढला तसे बिबटे उसात मुक्कामाला आले. पिंजऱ्यात सापडलेला असा एक पाहुणा मी माणिकडोहच्या निवारा केंद्रात पोचवला होता. तो माणूस हळहळला, "गाडी मऊ होती हो. बिबट्या सगळा रस्ता झोपून होता." गुंगीच्या इंजेक्शनाचं श्रेय माझ्या पाट्यांना मिळालं. मीही ते नाकारलं नाही.

विम्याच्या सर्वेअरकडे यातल्या कशालाच रकाना नव्हता. माणूस सज्जन होता. त्यानं मला नियम समजावून सांगितले. कागदावर गाडी वयानं उतरत जाते : सहा महिन्यांच्या आतली ५ टक्क्यांनी, वर्षाच्या आतली १५ टक्क्यांनी, आणि पाचवं वर्ष सरेपर्यंत निम्म्यानं. त्यापुढचा आकडा विमा उतरवतानाच दोघांनी आपसांत ठरवायचा. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी बुडीत खाती. आणि दुरुस्तीच करायची म्हटली, तर रबर-प्लास्टिकच्या भागांना निम्मे पैसे कापतात, काचेला मात्र एक पैसा कापत नाहीत. माझ्या गाडीची काच तेवढी शाबूत होती.

गाडी बुडीत ठरली. दुसरी शोधायला निघालो, तेव्हा वाटलं होतं मी आणि मिस्त्री असे दोघं जाऊ. फाट्यावर पोचेपर्यंत आमचं शिष्टमंडळ झालं होतं.

जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर प्रत्येक गाडी एकहाती असते, शेतकऱ्याच्या घरची असते आणि तिनं आयुष्यभर फक्त दूध वाहिलेलं असतं. हे खरं मानायचं, तर पुणे जिल्ह्यात वाळू आजवर कोणत्याच गाडीनं वाहिलेली नाही. मिस्त्री विकणाऱ्याचं ऐकत नाही, गाडीचं ऐकतो. तो खाली सरपटत जाऊन चेसीवर वेल्डिंगचा डाग शोधतो, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून धूर बघतो. "टायर नवेच आहेत," असं कोणी म्हणालं की टायरवरचे चार आकडे वाचतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अण्णा मात्र प्रत्येक गाडीचं दार जोरात आपटून बघत होते. त्यातून काय कळतं, हे विचारायची हिंमत कोणाची झाली नाही.

एका आवारात हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या उभ्या होत्या. तिथं भाव कमी. मिस्त्रीनं एका गाडीचं इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. कागद स्वच्छ, पासिंग आमच्याच एम. एच. १४ चं. काचेवर 'आईची पुण्याई', मागच्या फाळक्यावर दोन लेकरांची नावं, धाकट्याच्या नावाचा रंग अजून ताजा. कोणी काही बोललं नाही. शेवटी काकूंनीच विचारलं, "ही नावं खरवडायची कोणी?" आम्ही पुढच्या अड्ड्याकडे निघालो. दोन पैसे वाचत होते, हे मिस्त्रीनं घरी पोचेपर्यंत ऐकवलं; पण तोही परत तिकडे फिरकला नाही.

माझ्या मनात छोटा हत्ती होता. २००५ साली टाटांनी एस आणली आणि लोकांनी तिचं असं बारसं करून टाकलं. हप्ता बेताचा, पाऊण टन माल, बोळात वळते. मंडळाच्या पोरांनी टेप लावला आणि निकाल दिला : मूर्ती बसेल, उंदीर मागून चालत येईल. काकूंनी म्हशीचं माप दोन्ही हात पसरून दाखवलं. बाबांनी फक्त "शिधा, तंबू, भांडी" एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले. माझी कोथिंबीर पाऊण टनात सहज मावत होती, पण तिच्या बाजूनं बोलणारा तिथं मी एकटाच. शेवटी गाडी ठरली ती बोलेरो पिकपच. अण्णांनी दार आपटलं आणि पहिल्यांदाच "हं" म्हणाले.

विम्याचे पैसे पुरणार नव्हतेच. गावच्या पतसंस्थेनं कर्जाला हो म्हटलं, पण दोन जामीनदार मागितले. जामीन म्हटलं की भली भली माणसं चपला शोधायला लागतात, म्हणून कोणाच्या दारात जावं याचा विचार करत मी रात्रभर जागा. सकाळी बाबा आणि काकू पतसंस्थेच्या पायरीवर माझ्या आधी हजर. मागून अण्णा आले आणि कमिटीला विचारलं नाही म्हणून रुसले. तिसऱ्या जामीनदाराची नियमात सोय नाही, हे मॅनेजरनं सांगितल्यावर अण्णांनी फॉर्म २९ आणि ३० वर मालक बदलाच्या सह्या होईपर्यंत खुर्ची सोडली नाही.

यात त्यांचा हिशेब असणारच. जामीन राहिलेल्या माणसाला भाडं सांगायला माझी जीभ रेटणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. असू दे. ज्या गाडीचे निम्मे पैसे कागदावर पाच वर्षांत उडून जातात, तिच्यावर काकूंनी आपलं खातं आणि अंगठ्याऐवजी नुकतीच शिकलेली सही लावली. उद्या हप्ता थकला तर वसुलीवाल्यांना माझ्याआधी काकूंच्या दारात जावं लागेल. तिथं म्हैस बांधलेली असते, आणि ती मारकी आहे.