हरकत नोंदवली आहे

वर्सोव्यात खऱ्या वकिलांपेक्षा पडद्यावर वकिली केलेले जास्त भेटतात. त्यामुळे ‘ऑब्जेक्शन, माय लॉर्ड!’ म्हटलं की हातोडा आपटतो, हा समज इथे पक्का. आपल्या कोर्टात हातोडा नसतोच. वकील पुटपुटतो, साहेब हरकत टिपून घेतात आणि बऱ्याचदा म्हणतात, निकालाच्या वेळी पाहू.

कोर्टाबाहेरही हरकती असतातच. वर्सोव्यातल्या टॉवरवाल्यांची हरकत कोळीवाड्यात बांबूच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाला. बोंबील आधीचे, टॉवर नंतरचा, हा युक्तिवाद लिफ्टमध्ये चालत नाही. त्यांची हरकत नाक मुरडून नोंदवता येते. कोळणीला मात्र विकास आराखड्यावर हरकत घ्यायची तर १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे लेखी हवी, तीही मुदतीत. नकाशा असा, की त्यात कोळीवाडा शोधेपर्यंतच मुदत सरावी!

हरकत फुकटच जाते असंही नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये आलेला मुंबईचा आराखडा हरकतींच्या भडिमारापुढे एप्रिलमध्येच गुंडाळावा लागला. राजकीय पक्षांपासून पर्यावरणवाल्यांपर्यंत सगळे एकाच बाजूला. असा योग मुंबईत पुन्हा येणं कठीण.

तेव्हा हरकत असेल तर लेखी द्या. आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.