जकातीचा जाहीरनामा

डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावरून परमुलखी पर्यटनास निघणाऱ्या मराठी कुटुंबाची सिद्धता पाहिली, की घरादाराची निरवानिरव करून काशीयात्रेस जाणारे आपले पूर्वज फारच निष्काळजी होते, असे वाटू लागते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत असावीत, हा दंडक इतक्या निष्ठेने पाळला जातो, की रक्तदाबाच्या गोळ्यांची फर्द करता करताच यजमानांचा रक्तदाब वाढतो. 10,000 डॉलरांहून अधिक रोकड नेण्यास अमेरिकी सरकारची मनाई नाही, ती केवळ जाहीर करावी लागते. तथापि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम मिळून मोजली जात असल्याने, ती चौघांच्या खिशांत वाटून टाकण्याची गृहिणीची मुत्सद्देगिरी व्यर्थ ठरते. परतताना मात्र ‘खाद्यपदार्थ काहीच नाहीत’ असे जकात अधिकाऱ्यास निर्विकारपणे सांगणाऱ्या याच सत्यनिष्ठांच्या पेटीतला आंबा सरकारी बीगल श्वान हुंगून काढतो. वाचकहो, आंबा जाहीर करा. जाहीर केल्यास केवळ आंबा जातो, लपवल्यास दंडही भरावा लागतो.