दहा मिनिटांचं काम

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास, तळघर असलेल्या जुन्या घरांतून राहणाऱ्या मराठी मंडळींत एक काका हमखास सापडतात. प्लंबरला बोलवायचा विषय निघाला की ते दुखावतात. "अगं, दहा मिनिटांचं काम आहे!" शनिवारचा चहा संपवता संपवता ते जाहीर करतात. काकू उत्तर देत नाहीत. उठून बादल्या, पातेली आणि कुकर पाण्याने भरून ठेवायला लागतात.

काकांचा अधिकार जन्मजात. "तांबट आळीत वाढलोय मी!" खरं तर त्यांचं पुण्याच्या कसब्यातलं घर तांबट आळी सोडून दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि वडील पोस्टात होते. पण कल्हईवाल्यासमोर उकिडवं बसून पाहिलेला नवसागराचा धूर आणि पातेल्यात झपकन पसरणारं कथील त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीची सगळी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण त्यातलं काही असं चमकलं नाही, असं ते म्हणतात.

"नवा पाइप शेंबडं पोरही जोडेल. कसब लागतं ते जुन्याला." हे मात्र खरं आहे. जुना पाइप दोन्हीकडे भिंतीत अडकलेला. तसूभर सरकत नाही. मग आत अडथळा नसलेलं कपलिंग एका तुकड्यावर पूर्ण चढवायचं, दुसरं टोक समोर आणायचं आणि कपलिंग मागे सरकवून सांध्यावर बसवायचं. त्याआधी घासकाम. एमरी कापडाने तांबं गुलाबी दिसेपर्यंत काका घासतात, नंतर त्याला बोट लावू देत नाहीत. "हाताचं तेल लागतं!"

आणि मग पाणी ठिबकतं. मुख्य व्हॉल्व्ह जुना, पूर्ण बंद होत नाही. पाइपात पाणी असेतो तांबं शंभर अंशांपुढे जायला तयार नसतं, आणि सोल्डर वितळायला दोनशेच्या वर लागतात. काका वर बघून ओरडतात, "ब्रेड!" पांढऱ्या ब्रेडची कड काढून गोळा पाइपात कोंबला की तेवढ्यापुरतं पाणी अडतं, नंतर तो विरघळून नळावाटे निघून जातो. त्या घरात पाहुण्यांना ब्राउन ब्रेड मिळतो, पांढरा फक्त पाइपांसाठी येतो. नळाच्या तोंडची जाळी आधी काढायची असते, ती काका विसरतात. काकू काढून ठेवतात.

ब्लोटॉर्च पेटला की काकूंची जागा ठरलेली: जिन्याची खालची पायरी, मांडीवर अग्निशामक. छताच्या लाकडी तुळया वीतभर अंतरावर असतात. "आच सोल्डरला नाही, फिटिंगला द्यायची," काका मला दहाव्यांदा सांगतात. ज्योत एका बाजूला, तार दुसऱ्या बाजूला. क्षणभर काहीच होत नाही. मग तारेचं टोक एकदम ढासळतं आणि चांदीची रेघ सांध्याभोवती धावते, चक्क वरच्या दिशेनेसुद्धा. त्या वेळी काकांचा चेहरा बघावा! पैसे वाचतात म्हणून हे चाललंय, हा त्यांचा दावा मी कधी तपासलेला नाही. भिंतीवर टांगलेली हत्यारं पाहता तपासूही नये.

पुढे आठवडाभर पाहुण्यांना आधी तळघर, मग पोहे. पाणी पिणाऱ्याला ऐकावं लागतं की १९८६मध्ये अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचं सोल्डर वापरायला बंदी झाली, घर त्याआधीचं आहे, पण "माझे सगळे सांधे बिनशिशाचे!" पाहुणा ग्लास खाली ठेवतो. बाकीचे सांधे कोणाचे, हे विचारायचं धाडस त्याला होत नाही.

गेल्या वर्षी मुलाने स्वतःच्या घरी नुसतं दाबून बसणारं फिटिंग लावलं. ना आच, ना ब्रेड, ना काका. काकांनी चष्मा लावून त्याभोवती बोट फिरवलं. थेंब नव्हता. "बघू किती टिकतं," एवढंच म्हणाले. हल्ली मुलाकडे गेले की नातवाला भेटायच्या आधी तळघरात उतरतात, आणि दर वेळी जरा हिरमुसून वर येतात.

काकूंनी मुलाकडून तसली चार फिटिंगं गुपचूप मागवून घेतली आहेत. डाळींच्या डब्यांमागे ठेवलीत. तिकडे काका कधीच जात नाहीत.