मिथ्यातापदीपमीमांसा

डिझेल मोटारीच्या दर्शकफलकावर अवचित उदय पावणाऱ्या रक्तवर्ण तापदीपाचे स्वतंत्र शास्त्र मराठीत अद्याप सिद्ध झालेले नाही. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत आणि घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत या विषयाची मौखिक परंपरा समृद्ध आहे, गॅरेजागणिक तिचे भाष्यकार आहेत. परंतु उद्देश, लक्षण आणि परीक्षा या क्रमाने विषयाची मांडणी कोणी केलेली नसल्यामुळे सामान्य मोटारधारक दीपदर्शन होताच थेट खर्चाकडे वळतो. प्रस्तुत प्रबंधाचे प्रयोजन एवढेच.

प्रथम लक्षण. इंजिनातील शीतद्रवाचे, म्हणजे लौकिक भाषेत कूलंटचे, तापमान विहित मर्यादा ओलांडून गेलेले नसताना ते गेले आहे असे जो कथन करतो, तो मिथ्यातापदीप होय. त्याची आकृती, लाटांत बुडवलेला तापमापक, आयएसओ २५७५ या मानकाने निश्चित केलेली असून तीविषयी मतभेद नाहीत. अतिव्याप्ती टाळण्यासाठी दोन अपवाद सांगणे आवश्यक आहे. चावी फिरवताच फलकावरील सर्व दिवे काही क्षण लागतात; ते बल्बाचे आत्मपरीक्षण असून त्यास मिथ्याकथन म्हणता येत नाही. तसेच काही गाड्यांत थंड इंजिनाचा द्योतक असा नीलदीप असतो. मुंबईच्या हवेत त्याचे आयुष्य अत्यल्प असते व त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिण्याइतकी सामग्री उपलब्ध होत नाही.

विषय डिझेलपुरता का मर्यादित केला, अशी शंका येईल. उपनगरांचे डिझेलशी नाते जुने आहे: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनीची १३७ डी ही डिझेल आवृत्ती निघाली, आणि १९९८ साली पुण्याहून टेल्कोची इंडिका आल्यावर डिझेल मोटार मध्यमवर्गीय सोसायटीच्या फाटकातून आत शिरली. पण खरे कारण तात्त्विक आहे. पेट्रोल इंजिनात मंदगतीच्या वेळी हवेचा मार्ग आवळला जातो. डिझेलमध्ये तो बहुतांशी मोकळा राहतो. म्हणजे उभ्या गाडीत भरपूर हवा आत जाते, इंधन नाममात्र जळते आणि इंजिन तापण्याऐवजी निवण्याकडे झुकते. म्हणून सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे नुसत्या घुरघुरणाऱ्या डिझेल मोटारीत तापदीप प्रकट झाला, तर त्याच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचा अधिकार मालकास जन्मतःच प्राप्त होतो. पेट्रोलवाल्यास हा अधिकार कमी प्रमाणात आहे.

आता दीपाची ज्ञानप्रक्रिया पाहू. दीपास तापाचे प्रत्यक्ष ज्ञान नसते. त्याला ते सांगितले जाते. सिलिंडर हेडजवळ किंवा थर्मोस्टॅटच्या घरात एक सेन्सर बसवलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. या गुणधर्माचे आद्य निरीक्षण मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदवले होते. सामान्यतः २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. यातून एक गंभीर निष्पत्ती संभवते. सेन्सरची तार सोलवटून बॉडीला टेकली, तर रोध शून्याकडे जातो आणि गाडीचा संगणक इंजिन वणव्यात सापडल्याची घोषणा करतो. दोषसंकेत पी ०११७, ज्याचा शब्दशः आशय मात्र ‘अल्प’ असा आहे. उलट तार तुटली, तर रोध अनंत होतो, पी ०११८ हा ‘अधिक’ संकेत उमटतो, आणि बोरिवली पूर्वेत तापमान उणे ४० अंश असल्याचा साक्षात्कार संगणकास होतो. उणे ४० या बिंदूवर सेल्सियस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापने एकरूप होतात, त्यामुळे मापनपद्धतीचा वाद तेथे उरत नाही, बोरिवलीचा उरतो. बहुतेक संगणक अशा प्रसंगी स्वतःच्याच ज्ञानावर अविश्वास दाखवून रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरवतात आणि इशाऱ्याचा दिवाही लावतात.

मिथ्यादीपाचे विभाजन करण्यासाठी नवी परिभाषा निर्माण करण्याची गरज नाही. पर्वतावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करणारे नैयायिक आणि फलकावरील दीप पाहून तापाचे अनुमान करणारा मोटारधारक यांची बौद्धिक स्थिती एकच होय. सदोष हेतूचे जे पाच प्रकार अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात सांगितले आहेत, ते येथे यथास्थित लागू पडतात. हा ग्रंथ आठल्ये यांच्या टिपांसह आणि बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. तथापि त्यात रेडिएटरचा विचार झालेला नाही, ही त्रुटी येथे भरून काढली आहे.

१. सव्यभिचार दीप. ताप असताना लागतो, नसतानाही लागतो. सैल कनेक्टर हे याचे उपादानकारण आणि खड्डा हे निमित्तकारण. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता या प्रकाराच्या अभ्यासासाठी पुरेसा आहे.

२. विरुद्ध दीप. हा सर्वांत मनोज्ञ प्रकार असून त्याचा ऋतू वर्षा हा होय. अंधेरीच्या किंवा मिलनच्या सबवेतून पाण्यातून गाडी काढल्यावर, अथवा रात्रभर पावसात उभी ठेवल्यावर, सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ओल शिरते. ओलीतून वीज आडमार्गाने जाते, रोध घटल्याचा भास होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, इंजिन पूर्णतः थंड असताना, दीप पेटतो. मग इंजिन तापू लागते, त्याच्या उष्णतेने ओल सुकते आणि दीप विझतो. म्हणजे जो हेतू तापाचा साधक म्हणून नेमला गेला, तो नेमका तापाच्या अभावाचा साधक ठरतो. असा दीप असलेल्या गाडीत दिवा विझणे हीच इंजिन गरम झाल्याची खूण मानावी, असे एक उपमत आहे. ते तर्कशुद्ध असले तरी त्यावर विसंबून खंडाळ्याचा घाट चढू नये.

३. सत्प्रतिपक्ष दीप. दिवा म्हणतो तापले, काटा म्हणतो मध्यावर आहे. दोघांचे बल समान. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि संगणकाचा वेगळा असल्यामुळे हा संघर्ष उद्भवतो. नव्या गाड्यांपैकी कित्येकींतून काटाच हद्दपार झाल्याने हा प्रकार आता दुर्मीळ होत चालला आहे.

४. असिद्ध दीप. याचे दोन पोटभेद येथे लागू पडतात. आश्रयासिद्धात सेन्सर आहे, परंतु त्याचा आश्रय असलेला कूलंट तेथे नाही. हवेचा बुडबुडा अडकून सेन्सर अधांतरी लोंबतो आणि हवेविषयी साक्ष देतो. कूलंट भरताना यंत्रणेतील हवा नीट न काढल्याने हे घडते. ज्या गाड्यांत त्याच चिन्हाचा दिवा लुकलुकून कूलंटची पातळी उणी असल्याचेही सांगतो, तेथे टाकीतील पातळीचा सेन्सर स्वतंत्रपणे खोटे बोलू शकतो. त्याचा अंतर्भाव येथेच करावा.

स्वरूपासिद्धात दीप मुळी लागलेलाच नसतो. पाठीमागच्या काचेतून आलेले तिरपे ऊन फलकावरील तांबड्या काचेवर पडून तो लागल्यासारखा दिसतो. या पोटभेदाचे भौगोलिक वितरण विषम आहे. मुलुंडचा रहिवासी सकाळी जोडरस्त्याने पश्चिमेकडे जातो तेव्हा सूर्य त्याच्या पाठीशी असतो. संध्याकाळी तो पूर्वेकडे परततो तेव्हा मावळता सूर्यही पाठीशीच असतो. त्यामुळे दिवसातून दोनदा त्यास असिद्धदीपदर्शन घडण्याची शक्यता असते. बोरिवली–अंधेरी मार्ग दक्षिणोत्तर असल्याने तेथील प्रवासी या पीडेपासून मुक्त असून, दोन उपनगरांतील मोटारधारकांच्या स्वभावभेदाचे हेही एक कारण असावे, असे माझे मत आहे.

५. बाधित दीप. ज्याचे कथन अधिक बलवान प्रमाणाने खोडून निघते तो. याचा विचार परीक्षेतच होतो, म्हणून परीक्षेकडे वळू.

परीक्षेपूर्वी एक विधी अनुल्लंघ्य आहे. मार्गात दीप लागल्यास तो सत्य मानून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो व कूलंट शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, आणि सारा विवाद एका क्षणात संपून परीक्षक रुग्णालयाचा विषय होतो. कळकळीने सांगायचे तर, हेड गास्केट उडवून दीपाची सत्यता सिद्ध करण्याचा मार्ग शास्त्रास मान्य असला तरी परवडणारा नाही.

प्रत्यक्ष हे ज्येष्ठ प्रमाण होय. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपावर तापमापक पिस्तूल रोखावे. येथे २०२० साली सोसायट्यांच्या फाटकांवर आलेली कपाळमापक पिस्तुले निरुपयोगी आहेत. त्यांची कक्षा मानवी ज्वरापुरती असल्याने गरम होजसमोर ती केवळ ‘हाय’ असे उद्गारतात. कारखानी पिस्तूलही चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखल्यास तापमान प्रत्यक्षाहून कमी दाखवते, कारण चकाकणारा धातू उष्णतेचे उत्सर्जन कमी करतो. काळ्या रबरावर रोखावे. पिस्तूल नसल्यास प्रातःकालीन पद्धती अवलंबावी: रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीस स्कॅनर जोडून कूलंटचा आकडा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा ताडून पाहावा. रात्रभराच्या विश्रांतीनंतर दोन्ही जवळपास सारखे असणे भाग आहे. हवा २६ अंश आणि कूलंट ११५ अंश असेल, तर इंजिनाने रात्री एकट्याने प्रवास केला असे मानावे लागेल, किंवा सेन्सर-वायरिंगकडे पाहावे लागेल. यांपैकी दुसरा पक्ष लाघवाच्या दृष्टीने ग्राह्य.

पुढची पायरी वियोगपरीक्षा. एकेरी तारेच्या जुन्या गाडीत सेन्सरचा कनेक्टर काढावा. दिवा विझला, तर दोष सेन्सरमध्ये. कनेक्टर हातात असूनही दिवा तेवत राहिला, तर दोष तारेत, आणि बहुधा उंदरात. पावसाळ्यात उबदार बॉनेटचा आश्रय घेणारा मूषक वायरिंगचे आवरण कुरतडतो. महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीचे मूषकसंहारक असतात, परंतु त्यांना बॉनेट उघडून देण्याची प्रथा अद्याप रूढ झालेली नाही.

चाचणीचे स्थळ निवडताना प्रमाद घडतात. पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी पळवली की समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, आणि पंखा मेलेला असला तरी कळत नाही. साकीनाक्याला सायंकाळी सातला मात्र सर्व भार एकट्या पंख्यावर येतो. म्हणून साकीनाक्यात लागून द्रुतगती मार्गावर विझणारा दीप बहुधा सत्य असून पंख्याकडे बोट दाखवतो. याउलट घडल्यास चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट अथवा पाण्याचा पंप यांची शंका घ्यावी. जो दीप साकीनाका, द्रुतगती मार्ग आणि सोसायटीचे पार्किंग यांत भेद करीत नाही, तो बहुधा मिथ्या होय.

राहता राहिले संप्रदाय. परिवर्तनवादी, ज्यांचे पीठ कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आहे, ते परीक्षेपूर्वीच सेन्सर बदलतात. जुना सेन्सर निर्दोष निघाल्यास तो पुढच्या गाडीच्या कल्याणासाठी जपून ठेवतात. अर्थिंगवादी दोष कोणताही असो, इंजिन आणि बॅटरी यांमध्ये एक जादा तार जोडतात. हेडलाइट लावताच तापदीप मंद उजळत असेल तर त्यांचेच म्हणणे खरे असते, ही त्यांची तटबंदी आहे. संकेतवादी केवळ स्कॅनरवरील अक्षरे प्रमाण मानतात. तमोवादी फलकावर काळी चिकटपट्टी लावतात. त्यांच्या मते अदृष्ट दीप आणि अविद्यमान दीप यांत व्यावहारिक भेद नाही. त्यांचे खंडन करण्यास एक खरोखर फुटलेला होज पुरतो.

सर्वांत सूक्ष्म मत टर्मिनलवाद्यांचे. ते बॅटरीचे ऋण टर्मिनल काही मिनिटे सोडून ठेवतात. कित्येक गाड्यांत त्याने संगणकाची दोषस्मृती पुसली जाते, घड्याळ मूळ पदावर येते, रेडिओची केंद्रे नष्ट होतात आणि दीपही दिसेनासा होतो. स्मृती नाही तेथे दोष नाही, असा त्यांचा सिद्धान्त. संकेतवादी यावर आक्षेप घेतात की तीच परिस्थिती पुन्हा येताच तोच दोष पुन्हा उमटतो. टर्मिनलवादी उत्तर देतात की तो नवा दोष होय, जुन्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्याची मजुरी वेगळी पडेल. हा वाद मजुरीच्या प्रश्नासह प्रबंधाच्या दुसऱ्या खंडाकडे वर्ग करण्यात आला आहे.