जाकिटाचा करार
जुन्या काळातल्या आइस हॉकीचे व्यवस्थापन-गेम खेळणाऱ्यांचा आग्रह असतो, की पगार आणि करार ‘खरेखुरे’ हवेत. जरूर द्यावेत. पण मग १९४६ च्या डेट्रॉइटमध्ये गेममधली वाटाघाटींची खिडकी कशाला उघडते? तिथल्या संघाच्या गॉर्डी हो या तरुण खेळाडूने करारावर सही करताना वर मागितलं काय, तर संघाचं जाकीट. तेही लगेच मिळालं नाही! एजंट नाही, मर्जीने दुसऱ्या संघात जायची सोय नाही, शेजारी बसलेल्याला किती मिळतात हे विचारायची रीत नाही. गेममध्ये मात्र साऱ्यांचे पगार एका तक्त्यात, डॉलरच्या चिन्हासकट. वास्तवाची एवढीच चाड असेल तर तो तक्ता झाकावा आणि ‘सही कर, नाहीतर मायनर लीगमध्ये जा’ एवढं एकच बटण ठेवावं. १९५७ मध्ये त्याच संघातल्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना काढायला घेतली आणि संघाने त्याला शिकागोला धाडलं. त्याच्यासाठी दुसरं बटण, ‘शिकागो’. (ती बढती नव्हती, हे सांगायला नकोच.) पुढे १९७२ मध्ये जुन्या लीगशी स्पर्धा करणाऱ्या नव्या डब्ल्यूएचए लीगने बॉबी हल या नामांकित खेळाडूला नुसत्या सहीचे १० लाख डॉलर मोजले. तिथे गेम गोठला तर कुणी दुरुस्त करू नये. जुन्या लीगमधल्या संघमालकांचंही तेच झालं होतं.