कागदी संघरचनाशास्त्र : बफेलो-कांड

कोणत्याही शास्त्रग्रंथाने आरंभी चार गोष्टी सांगायच्या असतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत शास्त्राचा विषय आहे हरत राहणाऱ्या हॉकी संघाची कागदावरची पुनर्रचना. प्रयोजन : येत्या पाच वर्षांत करंडक. (प्रयोजन दरवर्षी नव्याने जाहीर होते, पाचाचा आकडा मात्र बदलत नाही.) संबंधाविषयी म्हणाल, तर या शास्त्राचा आणि प्रत्यक्ष संघाचा संबंध काहीच नाही, कारण संघाचा जनरल मॅनेजर आपले ऐकत नाही. आणि अधिकारी तो, ज्याच्यापाशी पेन्सिल आहे, खोडरबर आहे आणि ज्याचा संघ तळाला आहे. जिंकणाऱ्या संघाचा चाहता या शास्त्राला अनधिकारी होय. तो बिचारा सामने पाहत बसतो.

हॉकी म्हणताच मराठी वाचकाला हिरवे मैदान, ध्यानचंद आणि खडकीचे धनराज पिल्ले आठवतील. इथली हॉकी बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची. तिच्यातल्या बत्तीस संघांपैकी अभ्यासाला कोणता घ्यावा, यावर मतभेद संभवतो. टोरांटो मेपल लीफ्सने १९६७ नंतर स्टॅनले करंडक जिंकलेला नाही, म्हणून काही आचार्य टोरांटोकडे बोट दाखवतात. पण टोरांटोचे दुःख भेसळीचे आहे : तो संघ २०२४-२५ पर्यंत प्लेऑफमध्ये, म्हणजे करंडकासाठीच्या बाद फेऱ्यांत, वरचेवर पोचत आला आणि मग हरत आला. शास्त्राला शुद्ध नमुना लागतो. न्यूयॉर्क राज्यातला बफेलो सेबर्स हा संघ १९७० साली लीगमध्ये आला. १९७५ आणि १९९९ मध्ये अंतिम फेरीत हरला. पुढे २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग १४ हंगाम त्याला प्लेऑफही गाठता आले नाहीत. लीगच्या इतिहासात एवढी सलग अनुपस्थिती दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. नमुन्याची शुद्धता याहून अधिक मागणे कृतघ्नपणाचे ठरेल.

प्रकरण पहिले : पंक्तिविचार

सामन्याला संघ वीस खेळाडू उतरवतो : बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली. फॉरवर्ड तिघा-तिघांच्या चार लाइनींत विभागलेले, मध्ये सेंटर आणि दोन बाजूंना विंगर. एक लाइन बर्फावर पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावते आणि कठड्यावरून आत येते; तोवर दुसरी बाहेर उडी घेते.

आता गणित पाहू. कोणीही कुठेही खेळू शकतो असे मानले, तर बारा फॉरवर्ड बारा जागी बसवण्याच्या रीती ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० होतात. चाहत्याची श्रद्धा अशी, की यांतली निदान एक रीत जिंकणारी आहे. प्रशिक्षकाविषयी त्याची तक्रार अशी, की ती एक सोडून उरलेल्या सगळ्या तो क्रमाने करून पाहतो.

यावरून पहिले सूत्र निघते : दुसऱ्या लाइनचा सेंटर कमी पडतो. भाष्य : तो कोण आहे हे गौण आहे. त्याला पहिल्या लाइनीत नेले तर तो तिथे चांगला खेळेल आणि दुसऱ्या लाइनीत नवा येईल. तो कमी पडेल. तिसऱ्या लाइनीत नेले, तर तिथे तो महाग पडेल. दुसऱ्या लाइनचा सेंटर ही व्यक्ती नसून अवस्था आहे.

इथे पूर्वपक्षी विचारतो : लाइनी हलवून प्रत्यक्षात कधी काही साधले आहे काय? साधले आहे, आणि हेच शास्त्राचे दुर्दैव. टेज थॉम्पसन हा उंचापुरा विंगर बफेलोत आला आणि बरीच वर्षे चाचपडत राहिला. प्रशिक्षक डॉन ग्रॅनाटो यांनी त्याला सेंटरला उभे केले. २०२१-२२ मध्ये त्याने ३८ गोल केले, पुढल्या हंगामात ४७. त्या दिवसापासून बफेलोच्या प्रत्येक चाचपडणाऱ्या विंगरकडे चाहते 'हा मुळात सेंटरच असावा' अशा नजरेने पाहतात. दहा वेळा चुकलेला उपाय माणूस टाकून देईल. एकदा लागू पडलेला जन्मभर देत राहील.

प्रकरण दुसरे : विनिमयविचार

ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. कागदी ट्रेडचे लक्षण असे : आपल्याला नकोसे झालेले तीन द्यायचे आणि त्यांचा हवाहवासा एक घ्यायचा. समोरचा संघ का कबूल होईल, अशी शंका आलीच, तर भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखी तिसऱ्या फेरीची एक पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क; तिचा विचार प्रकरण चौथ्यात) वर टाकायची. मग त्याने नाही म्हणणे हा निव्वळ अडेलपणा.

हिशेब जुळवताना पगारमर्यादा सांभाळावी लागते. २०२४-२५ मध्ये प्रत्येक संघाला पगारापोटी ८ कोटी ८० लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. ही अट शास्त्राला वरदान ठरली आहे. पूर्वी ज्याला केवळ हॉकी कळे, त्याला आता अपूर्णांकही कळू लागले. रात्री दोन वाजता शिलकी रक्कम दशांशापर्यंत काढणारा हा माणूस स्वतःच्या घरच्या वीजबिलाकडे ढुंकून पाहत नाही. पण तो या ग्रंथाचा विषय नव्हे.

कागदी ट्रेड सोडून प्रत्यक्ष ट्रेड पाहिले, की बफेलोपुरता एक स्वतंत्र सिद्धांत हाती लागतो. रायन ओ'रायलीला १ जुलै २०१८ रोजी सेंट लुइसला धाडले. २०१९ मध्ये सेंट लुइसने करंडक जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला ओ'रायली. जॅक आइकेल बफेलोचा कर्णधार. त्याच्या मानेची चकती सरकली. त्याला कृत्रिम चकती बसवून हवी होती, संघाच्या डॉक्टरांना ती शस्त्रक्रिया मान्य नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्हेगसला गेला, हवी ती शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०२३ मध्ये करंडक उचलला. गोली लायनस उलमार्क २०२१ मध्ये करार संपवून बोस्टनला गेला; २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोली ठरला. सॅम राइनहार्ट २०२१ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाला गेला. २०२३-२४ मध्ये त्याने ५७ गोल केले आणि अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात करंडक जिंकून देणारा गोलही त्याचाच. पुढल्या वर्षी पुन्हा करंडक.

यावरून दुसरे सूत्र : बफेलोत्यागात् करंडकप्राप्तिः।

पूर्वपक्ष : हे सूत्र अतिव्याप्त आहे. टेलर हॉल २०२० मध्ये ८० लाख डॉलरच्या एक वर्षाच्या करारावर बफेलोत आला, ३७ सामन्यांत त्याने दोन गोल केले आणि तोही बफेलो सोडून बोस्टनला गेला. बोस्टनमध्ये त्याला करंडक कुठे लाभला? उत्तरपक्ष : हॉलने बफेलोत पुरता एक हंगामही काढला नाही. व्रत अर्धवट सोडणाऱ्याने फळ मागू नये. आइकेल सहा हंगाम झिजला, राइनहार्टही तेवढाच. तपाला मुदत असते.

उपसूत्र : ट्रेडचा निकाल त्या दिवशी लागत नाही. ओ'रायलीच्या बदल्यात आलेल्या ऐवजात एक पोरगा होता : वर उल्लेखिलेला थॉम्पसन. म्हणजे २०१९ मध्ये ज्या ट्रेडवर शिव्यांची लाखोली वाहिली, त्याच ट्रेडला २०२३ मध्ये 'दूरदृष्टी' म्हणावे लागले. शास्त्राभ्यासकाने जुने कागद फाडू नयेत, ते याचसाठी.

प्रकरण तिसरे : नियोजित अधोगती

एनएचएलचा ड्राफ्ट म्हणजे अठराच्या आसपासच्या मुलांची वार्षिक वाटणी. जो अधिक हरला त्याला आधी निवड, असे साधारण धोरण. लबाडी होऊ नये म्हणून पहिल्या क्रमांकासाठी लॉटरी. या दयाळू व्यवस्थेतून एक विद्याशाखा जन्मली : मुद्दाम हरण्याची. तिचे अभिजात उदाहरण म्हणजे बफेलोचा २०१४-१५ चा हंगाम.

त्या वर्षी ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड येणार होता. असा खेळाडू पिढीत एखादाच निघतो, यावर सर्वांचे एकमत होते. बफेलोने फेब्रुवारीत मोठा ट्रेड करून इव्हँडर केन आणला. केनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, तो त्या हंगामात खेळणारच नव्हता. म्हणजे भविष्य बळकट आणि वर्तमान अबाधित. गोली योनास एनरोथ बरा खेळत होता, त्यालाही डॅलसला पाठवले. बदल्यात आलेला आंडर्स लिंडबॅक बफेलोत पाऊल ठेवताच उत्तम गोल अडवू लागला. अधोगतीच्या नियोजनात अशा मानवी उणिवा राहतातच.

२६ मार्च २०१५ रोजी तळाचे दोन संघ बफेलोत भिडले : यजमान आणि अॅरिझोना. जादा वेळेत अॅरिझोनाच्या सॅम गॅग्नरने गोल केला, बफेलो ४-३ हरले आणि घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. खेळाडू मान खाली घालून बर्फावरून निघाले असताना गॅलरीत लोक हात उंचावत होते. इथे भाष्यकाराला क्षणभर लेखणी थांबवावी लागते. कागदी शास्त्र कागद सोडून प्रेक्षागृहात उतरले, त्याचा हा लेखी पुरावा आहे. तिकीट काढून आलेला माणूस आज समोर चाललेल्या सामन्याचा प्रेक्षक राहिला नव्हता. तो तीन महिन्यांनी होणाऱ्या वाटणीतला भागीदार झाला होता.

हंगाम संपला तेव्हा बफेलो ५४ गुण, अॅरिझोना ५६, एडमंटन ६२. तळ पटकावला. लॉटरीची रीत अशी : यंत्रात चौदा चेंडू, त्यांतून चार निघतात. चौदांतून चार निवडण्याचे प्रकार १,००१. एक बाद धरून उरलेले हजार प्रकार संघांत वाटलेले. बफेलोच्या वाट्याला दोनशे, म्हणजे २० टक्के. एडमंटनकडे ११.५ टक्के. निघाले एडमंटन, ज्यांना २०१०, २०११ आणि २०१२ या तिन्ही वर्षी पहिली निवड आधीच मिळून चुकली होती. बफेलोला दुसरी निवड मिळाली. तिच्यावर आला तो आइकेल, आणि त्याचे पुढे काय झाले ते प्रकरण दुसऱ्यात आलेच आहे.

त्याच्या आदल्या वर्षीही बफेलो तळाला होते आणि लॉटरी फ्लोरिडाला लागली होती. फ्लोरिडाने पहिला एरन एकब्लाड घेतला, बफेलोने दुसरा राइनहार्ट. २०२४ मध्ये हे दोघे एकाच संघातून करंडकावर नाव कोरून बसले, संघ फ्लोरिडा. म्हणून तिसरे सूत्र : हरण्यात पहिला येणाऱ्याचेही काही खरे नसते. २०१८ आणि २०२१ मध्ये लॉटरी शेवटी बफेलोला लागली, रासमुस डालीन आणि ओवेन पॉवर हे दोन मोठे डिफेन्समन आले. प्लेऑफची अनुपस्थिती त्यानंतरही पूर्ववत चालू राहिली. शास्त्राला तडा गेला नाही.

प्रकरण चौथे : पिकस्वरूपविचार

आता गाभ्याचा प्रश्न : पिक म्हणजे काय? लौकिक उत्तर, खेळाडू निवडण्याचा हक्क. शास्त्रीय उत्तर वेगळे आहे. पिक म्हणजे असा खेळाडू, ज्याने अजून चूक केलेली नाही. २०२८ च्या पहिल्या फेरीची पिक पास चुकवत नाही, दुखापत करून घेत नाही, पगार मागत नाही, ट्रेडची मागणी करत नाही. जून महिन्यात मंचावर तिला नाव मिळते आणि त्या क्षणापासून तिची किंमत उतरू लागते. म्हणूनच जाणता कागदी मॅनेजर खेळाडू देऊन पिक घेतो आणि ती वापरायची वेळ आली, की ती देऊन पुढल्या वर्षाची घेतो.

चौथे सूत्र : अव्यक्त ते श्रेष्ठ.

हे सूत्र ज्याने प्रथम ओळखले, तो बफेलोचाच पहिला जनरल मॅनेजर. पंच इमलॅक हे टोरांटोला चार करंडक जिंकून देऊन आलेले गृहस्थ. १९७० मध्ये बफेलो आणि व्हँकूव्हर या दोन नव्या संघांत पहिली निवड कोणाची, हे ठरवायला जत्रेतल्यासारखे चक्र फिरवले. चक्र १ वर थांबले असे वाटून व्हँकूव्हरचे लोक आनंदले. नीट पाहिल्यावर कळले, आकडा ११ आहे. बफेलोला जिल्बेर पेरो मिळाला, त्याने पाठीवर ११ आकडाच घेतला आणि ५१२ गोल केले. बफेलोच्या वाट्याचे दैव त्या एका फिरकीत खर्ची पडले असावे, असे मानायला जागा आहे.

१९७४ चा ड्राफ्ट प्रतिस्पर्धी लीगला सुगावा लागू नये म्हणून गुपचूप, टेलिफोनवर, दिवसचे दिवस चालला. इमलॅक कंटाळले. अकराव्या फेरीत, एकूण क्रमाने १८३ वर, त्यांनी जाहीर केले : तारो त्सुजिमोटो, सेंटर, टोकियो कटानाज. असा खेळाडू नव्हता, असा संघही नव्हता. लीगने निवड नोंदवली. काही आठवड्यांनी इमलॅक यांनी खरे सांगितले आणि पुढे अधिकृत यादीत त्या जागी 'अवैध निवड' असे लिहिले गेले. बफेलोच्या प्रेक्षकांनी मात्र तारोला आपला मानले आणि सामना रडतखडत चालला, की 'तारो हवा' असा गजर सुरू केला.

विद्वान या प्रसंगाला थट्टा म्हणतात. आमच्या मते हा या शास्त्राचा मूलग्रंथ होय. तारो त्सुजिमोटो हा बफेलोने निवडलेला एकमेव निर्दोष सेंटर आहे. तो एकही फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करतानाची दोघांमधली झुंज, हरला नाही. पगारमर्यादेत त्याचा भार शून्य. दुसऱ्या लाइनीत ठेवला तरी तो कमी पडला असता, असे सिद्ध करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याने बफेलो सोडून कुठे करंडक जिंकलेला नाही.

फलश्रुती

जो हा ग्रंथ ऑक्टोबरात वाचील, त्याला आशा प्राप्त होईल. जो डिसेंबरात वाचील, त्याला नवा दुसरा सेंटर सुचेल. जो मार्चमध्ये वाचील, त्याला पराभवात दोन टक्के अधिक शक्यता दिसू लागेल आणि तो शांत झोपेल. जूनमध्ये याचे पारायण करणाऱ्याला अठरा वर्षांच्या परक्या पोराचे नाव, उंची, वजन आणि स्केटिंगचा दोष तोंडपाठ होईल. आणि ज्याचा संघ एके दिवशी खरोखरच जिंकू लागेल, त्याने हा ग्रंथ दुसऱ्या अधिकारी पुरुषाला वा स्त्रीला द्यावा. डेट्रॉइटच्या संघाच्या चाहत्यांकडे चौकशी केली, तर तूर्त गिऱ्हाईक मिळेल.