सर्व्हर जेवायला गेलाय

शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानेच मोबाइल ॲपवर करायची, ती ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतःचाच तलाठी झाला आहे. पगार तेवढा नाही. तलाठ्याच्या वाट्याचे खेटे मात्र पुरेपूर.

२०२५च्या खरिपात ॲपची नवी आवृत्ती आली. मग बीड जिल्ह्यातल्या गेवराई-माजलगावकडचा शेतकरी गुडघाभर सोयाबीनमध्ये उभा राहून गोल फिरणारं चाक बघू लागला. फोटो गटापासून ५० मीटरच्या आतूनच काढायचा, त्यामुळे रेंज शोधायला टेकाडावर जायचीही सोय नाही. शेतात काढलेला फोटो फोनमध्ये साठवता येतो, गावात येऊन चढवता येतो. चढवताना सर्व्हर आडवा.

सर्व्हरच्या एरर-आकड्यांची भाषा कळायला संगणक शिकावा लागत नाही, तहसील कचेरीत चार चकरा मारलेल्या असल्या की पुरे. ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, काय ते सांगणार नाही. ५०३ म्हणजे साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर या. ५०४ म्हणजे फाईल पुढच्या टेबलावर गेली, तिकडून उत्तर नाही.

पारावरचे तंत्रज्ञ उपाय सांगतात: ‘ॲप काढून टाक, परत टाक.’ ॲपबरोबर फोनात साठलेले, न चढलेले फोटोही जातात, हे कळतं ते परत टाकल्यावर. (हाच उपाय मोठमोठे अभियंतेही सुचवतात, फक्त इंग्रजीत.)

पाहणीची १४ सप्टेंबरची मुदत वाढत वाढत ३० सप्टेंबरवर गेली. तोवर बीडमध्ये असा पाऊस कोसळला, की ॲप उघडलं तेव्हा पाहायला पीकच उरलं नव्हतं.